साधा डेस्कटॉप प्रोसेसर घ्यावा की सर्व्हरचा? पहिल्यांदा निवडणाऱ्यांसाठी

एएमडीचा रायझन ५ ७६०० हा घरगुती पीसीत बसणारा, आटोक्यातल्या किमतीचा प्रोसेसर. त्यात ६ कोर, म्हणजे आपापलं काम स्वतंत्रपणे करणारे ६ मेंदू, आहेत. त्याच कंपनीचा एपिक ९६५४ डेटा सेंटरमधल्या सर्व्हरसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेकांची कामं करणाऱ्या मोठ्या संगणकांसाठी बनवलेला, त्यात ९६ कोर. एपिक नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, रायझन त्यानंतर दोन महिन्यांनी. किमतीतलं अंतर इतकं की एका एपिकच्या पैशांत रायझनवर बांधलेले अनेक अख्खे पीसी उभे राहतील.

आता दोन्हींच्या पोटात डोकावून पाहा. कोर तोच आहे, झेन ४ नावाच्या घडणीचा. एपिकमध्ये आठ-आठ कोरच्या बारा चिपलेट, म्हणजे छोट्या चिप, शेजारीशेजारी बसवल्या आहेत. रायझनमध्ये तसलीच एक चिपलेट आहे आणि तिच्यातले सहा कोर चालू ठेवले आहेत. म्हणजे महागड्या प्रोसेसरमधला एकटा कोर स्वस्तातल्यापेक्षा काही हुशार नसतो. उलट रायझनचा कोर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, एपिकचा ३.७ पर्यंतच. पैसे मोजायचे ते कोरच्या संख्येचे आणि कोरभोवतीच्या संसाराचे: मेमरीकडे जाणाऱ्या वाटा, उपकरणं जोडायच्या लेन, चुका पकडायची यंत्रणा. हा संसार आपल्या कामाला लागतो का, हे ठरवता आलं की निवड जवळजवळ झालीच. नवीन माणूस नेमका इथेच घाई करतो. कोरचा आकडा बघतो आणि भुलतो.

पायरी १: सध्याचं मशीन कुठे अडतंय ते पाहा

खरेदीची यादी बाजूला ठेवा आणि आत्ता जे मशीन आहे त्यावर आपलं रोजचं जड काम सुरू करा. विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा, आलेखावर राइट क्लिक करून तो लॉजिकल प्रोसेसरप्रमाणे दाखवायला सांगा. एका मोठ्या आलेखाच्या जागी छोट्या छोट्या चौकटी येतील, प्रत्येक थ्रेडची एक (थ्रेड म्हणजे कामाची एक धार, एक कोर बहुधा अशा दोन सांभाळतो). आता काम चालू असताना दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. कंटाळवाणं वाटेल, पण या पंधरा मिनिटांतून जे कळतं ते कुठल्याही तुलनेच्या तक्त्यातून कळत नाही.

एखाद-दुसरी चौकट वरपर्यंत भरलेली आणि बाकीच्या तळाशी पडून असतील, तर तुमचं काम एकाच कोरवर अडलंय. अशा कामाला आणखी कोर दिले तर तेही रिकामेच बसतील. सगळ्या चौकटी सतत भरलेल्या असतील तर कोर वाढवून फायदा होईल. चौकटी अर्ध्या रिकाम्या पण मशीन तरीही रखडतंय, असं असेल तर दोष प्रोसेसरचा नसतो. मेमरीचा, म्हणजे रॅमचा आलेख पाहा, डिस्कचा पाहा. मेमरी काठोकाठ भरली की विंडोज डिस्कवर जागा शोधू लागतं आणि सगळं मंदावतं. तिथे प्रोसेसर बदलून काडीचा फरक पडत नाही, रॅम वाढवली की मशीन सुटतं. ‘पीसी स्लो झालाय, मोठा प्रोसेसर सुचवा’ म्हणून विचारणाऱ्या कित्येकांचं उत्तर या आलेखातच सापडलेलं मी पाहिलं आहे.

एक खबरदारी घ्या. एकच चौकट सारखी भरलेली दिसेलच असं नाही. विंडोज एकाच कामाला या कोरवरून त्या कोरवर फिरवत राहतं. बारा थ्रेडच्या मशीनवर एकूण वापर आठ-नऊ टक्क्यांवर अडकून राहिला असेल तर तो एका थ्रेडचाच पूर्ण वापर समजा, कारण शंभराला बाराने भागलं की तेवढेच येतात.

पायरी २: काम वाटून घेता येतं का, याचा हिशेब

शेतातली खुरपणी दहा बायांनी केली तर दहापट लवकर उरकते. विहिरीच्या तळाशी मात्र दोनच माणसं खणू शकतात, वर काठावर पन्नास उभी राहिली तरी. संगणकाच्या कामांतही खुरपणी असते आणि विहीरही असते, आणि बहुतेक कामांत दोन्ही मिसळलेली असतात. संगणक अभियंते जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये ही गोष्ट गणितात मांडली. वाटून न घेता येणारा भाग जेवढा मोठा, तेवढी कोर वाढवण्याची मर्यादा लवकर येते.

वरच्याच दोन प्रोसेसरवर हा हिशेब करून पाहू. समजा एक काम रायझनच्या एका कोरवर १०० मिनिटं घेतं. एपिकच्या कोरचा वेग कमी, म्हणून तेच काम तिथल्या एका कोरवर साधारण १३८ मिनिटं घेईल. (दोन्हीकडे सर्वाधिक वेग धरला आहे. सगळे कोर एकदम कामाला लागले की वेग थोडा उतरतो, पण अंदाजाला हे पुरे.)

कामाचा निम्मा भाग वाटता येत असेल तर रायझनवर ५० मिनिटं न वाटता येणारी, उरलेली ५० सहा कोरमध्ये वाटून सव्वाआठ, एकूण ५८ मिनिटं. एपिकवर वाटणीचा भाग चुटकीसरशी संपतो, पण न वाटता येणारा भागच ६९ मिनिटं खातो. एकूण ७० मिनिटं. सहा कोरचा साधा प्रोसेसर ९६ कोरच्या प्रोसेसरला बारा मिनिटांनी मागे टाकतो.

८० टक्के भाग वाटता येत असेल तर रायझनला ३३ मिनिटं आणि एपिकला २९. चार मिनिटांसाठी एवढा खर्च कोण करेल? ९५ टक्के वाटता आलं की मात्र चित्र पालटतं: रायझन २१, एपिक सव्वाआठ. आणि ९५ च्या पुढे जसजसं जाल तसतसं अंतर वाढतच जातं.

मग कुठलं काम कुठे बसतं? गेम, ऑफिसची कामं, ब्राउझर, फोटोंची दुरुस्ती, बरंचसं अभियांत्रिकी आरेखन, हे सगळं विहिरीच्या बाजूचं. थोडे पण वेगवान कोर हवेत. व्हिडिओ एडिटिंग मधलं: टाइमलाइनवर कापाकापी करताना वेगवान कोर हवेत, शेवटी एक्स्पोर्ट करताना जास्त कोर असतील तर बरं. मोठा सोर्स कोड कंपाइल करणं, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणं, बऱ्यापैकी वाटलं जातं, पण शेवटचं लिंकिंग, म्हणजे सगळे तुकडे जोडणं, अनेकदा एकट्या कोरवर येऊन थांबतं. प्रोसेसरवर चालणारं थ्रीडी रेंडरिंग, म्हणजे त्रिमितीय दृश्याचं चित्र तयार करणं, हे निखळ खुरपणीचं काम, कारण चित्राचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र. हवामानाची किंवा द्रवप्रवाहाची गणितं, शेकडो लोक एकाच वेळी वापरतात असा डेटाबेस, एकाच यंत्रावर पन्नास व्हर्च्युअल मशीन (खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक), हेही त्याच बाजूला.

व्हर्च्युअल मशीनबद्दल नवशिक्यांची एक समजूत दुरुस्त करायला हवी. शिकण्यासाठी घरी चार-पाच मशीन चालवायची असतील तर सर्व्हर प्रोसेसर लागत नाही. ती बहुतेक वेळ निवांत पडून असतात. तिथे आधी संपते ती रॅम. सहा किंवा आठ कोर आणि ६४ जीबी रॅम यात शिकणाऱ्याचं पूर्ण प्रशिक्षण होऊन जातं.

पायरी ३: मेमरी किती, किती रुंद आणि किती खात्रीची

सर्व्हर प्रोसेसरचं खरं वैभव इथे आहे आणि जाहिरातीत ते कोरच्या आकड्याखाली झाकलं जातं.

आधी किती ते पाहू. रायझन ५ ७६०० साठी कंपनीने दिलेली मर्यादा १२८ जीबी. एपिक ९६५४ ला एका सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) ६ टीबीपर्यंत मेमरी लावता येते. तुमचा डेटा २०० जीबीचा असेल आणि तो सगळा एकदम मेमरीत हवा असेल तर वाद तिथेच मिटला, साधा डेस्कटॉप बाद.

मग रुंदी. मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये डेटा ज्या वाटांनी ये-जा करतो त्यांना चॅनल म्हणतात. डेस्कटॉपला दोन चॅनल, एपिक ९६५४ ला बारा. डीडीआर५-५२०० (डीडीआर५ पिढीची, ५२०० वेगाची मेमरी) च्या दोन चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त ८३.२ जीबी जातात, डीडीआर५-४८०० च्या बारा चॅनलमधून ४६०.८ जीबी. प्रत्यक्षात दोन्हीकडे यापेक्षा कमीच मिळतं, पण प्रमाण लक्षात ठेवा.

हल्ली अनेकांना भाषेचं एआय मॉडेल स्वतःच्या मशीनवर, ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवायचं असतं. त्यांच्यासाठी हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मॉडेल शब्दाचा एकेक तुकडा तयार करताना साधारणपणे आपले सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचतं. मॉडेल ४० जीबीचं असेल तर ८३ भागिले ४०, म्हणजे सेकंदाला दोनच तुकडे, आणि हेही जास्तीत जास्त. बारा चॅनलवर तेच साडेअकरापर्यंत जातं. कोर कितीही असोत, मेमरी जेवढं वाढेल तेवढंच त्यांच्या पानात पडणार.

पण बारा चॅनल मिळवायला रॅमच्या बारा स्टिक (पट्ट्या) लावाव्या लागतात. पैसे वाचवायला एपिकवर दोनच स्टिक लावल्या तर रुंदी ७६.८ जीबी होते, म्हणजे साध्या डेस्कटॉपपेक्षाही कमी. सर्व्हर प्रोसेसर घेऊन मेमरीत हात आखडता घेणं म्हणजे मोठी टाकी बांधून तिला बारीक नळ बसवणं.

डेस्कटॉपवरही या चुकीची धाकटी बहीण भेटते. एकच स्टिक लावली की एकच चॅनल चालतो आणि रुंदी निम्मी होते. म्हणून १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या, ३२ ची एक घेण्यापेक्षा १६ च्या दोन. आणि ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत रायझन ७००० मालिकेवर (७६०० तिच्यातलाच) करू नका. चार स्टिक लावल्या की मेमरीचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो.

आता खात्री. मेमरीतला एखादा बिट, म्हणजे शून्य किंवा एक असा सगळ्यात लहान आकडा, कधीतरी आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. ईसीसी मेमरीत जादा बिट साठवून एका बिटाची चूक तिथल्या तिथे सुधारली जाते आणि दोन बिटांची निदान ओळखली जाते. सर्व्हरमध्ये ही सोय असतेच. गेम खेळताना बिट उलटला तर फार तर गेम बंद पडेल. हिशेबाच्या वहीत, रुग्णाच्या नोंदीत किंवा तीन आठवडे चाललेल्या गणितात उलटला तर चूक झाली हे कळणारही नाही. ज्यांच्याकडे असला डेटा आहे त्यांनी ईसीसीला पर्याय शोधू नये, असं माझं ठाम मत आहे. मात्र ईसीसीसाठी सर्व्हर प्रोसेसरच लागतो असंही नाही. रायझन ७६०० ईसीसी मेमरी ओळखतो, मदरबोर्डाने साथ दिली पाहिजे एवढंच. मदरबोर्डाच्या माहितीपत्रकात ‘ईसीसी मोड’ चालतो असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. नुसती ईसीसी स्टिक बसते म्हणजे चुका सुधारल्या जातात असं नव्हे.

‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच’ असं कोणी सांगितलं तर फसू नका. डीडीआर५ च्या चिपमध्ये स्वतःपुरती दुरुस्ती असते खरी. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही.

पायरी ४: काय काय जोडायचंय ते मोजा

ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), वेगवान नेटवर्क कार्ड हे सगळे पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या जोडणीच्या लेनवर, म्हणजे डेटाच्या मार्गांवर बसतात. रायझन ७६०० वर वापरायला २४ लेन मिळतात: १६ ग्राफिक्स कार्डाला, ४-४ दोन एसएसडींना. एपिक ९६५४ वर १२८. एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन-तीन एसएसडी असणाऱ्याला डेस्कटॉप पुरून उरतो. चार ग्राफिक्स कार्ड पूर्ण वेगाने हवी असतील तर त्यांनाच ६४ लेन लागतात, मग डेस्कटॉपचा विचार सोडा.

पायरी ५: प्रोसेसरसोबत घरात काय काय येतं

रायझन ७६०० च्या डब्यात पंखा मिळतो, चित्र दाखवण्यापुरतं ग्राफिक्स आतच असतं, साधा एएम५ सॉकेटचा बोर्ड चालतो. कंपनी त्याला ६५ वॉटचा म्हणते. पूर्ण भारावर तो ८८ वॉटपर्यंत जातो. नेहमीचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), नेहमीचं कॅबिनेट, काम झालं.

एपिक ९६५४ हा ३६० वॉटचा. त्याच्या एसपी५ सॉकेटमध्ये ६०९६ टोकं आहेत, आणि तो बसवताना स्क्रू ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताकदीने आवळावे लागतात. बोर्ड मोठा असतो, अनेक कॅबिनेटांत मावत नाही. रॅम नोंदणीकृत (रजिस्टर्ड), म्हणजे सर्व्हरसाठीच्या आरडिम प्रकारची लागते. ती डेस्कटॉपवर चालत नाही आणि डेस्कटॉपची तिथे चालत नाही. तयार रॅक सर्व्हर, म्हणजे कपाटातल्या खणात सरकवायचा चपटा सर्व्हर घेतला तर आवाजाची तयारी ठेवा. सर्वांत चपट्या सर्व्हरमध्ये चार सेंटिमीटरचे पंखे मिनिटाला हजारो फेरे घेतात, त्या खोलीत बसून फोनवर बोलता येत नाही. आणि चालू करताना घाई करू नका. भरपूर मेमरी असली की तिची तपासणी आणि जुळवणी होऊन पडद्यावर काही दिसेपर्यंत काही मिनिटं जातात. पहिल्यांदा सर्व्हर चालू करणारा माणूस हमखास समजतो की बोर्ड गेला, आणि बटण दाबून ती जुळवणी मध्येच तोडतो.

विजेचा हिशेब कागदावर करा. समजा सर्व्हर रिकामा बसलेला असतानाही डेस्कटॉपपेक्षा १०० वॉट जास्त ओढतो. तो वर्षभर अहोरात्र चालू राहिला तर ८७६ युनिट जादा जळतात. आपल्या वीजबिलातल्या दराने गुणून पाहा आणि तो आकडा प्रोसेसरच्या किमतीत मिळवा.

सर्व्हर बोर्डाची एक सोय मात्र मला मनापासून आवडते. त्यावर बीएमसी नावाचा छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य मशीन बंद असलं, हँग झालं, तरी दुसऱ्या जागेवरून त्याचा पडदा पाहता येतो, ते बंद-चालू करता येतं. मशीन दूर ठेवायचं असेल तर ही सोय सोन्यासारखी आहे. तिचं नेटवर्क पोर्ट थेट इंटरनेटला कधीही जोडू नका. त्यातून आत शिरलेला माणूस संपूर्ण मशीनचा मालक होतो.

पायरी ६: सॉफ्टवेअर काय म्हणतं

विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोरच्या संख्येवर मोजला जातो, एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोर. म्हणजे ९६ कोरच्या प्रोसेसरला १६ कोरच्या सहापट परवाने. अनेक व्यावसायिक डेटाबेसही कोर मोजूनच पैसे घेतात. अशा ठिकाणी कमी पण वेगवान कोर असलेला सर्व्हर प्रोसेसर निवडतात, आणि तसे खास प्रकार कंपन्या बनवतातही. लिनक्सवर मुक्त सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी ही पायरी ओलांडून पुढे जावं.

पायरी ७: जुन्या सर्व्हर प्रोसेसरचा मोह

डेटा सेंटरमधून निघालेले जुने झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर, सेकंड हँड बाजारात फार स्वस्तात मिळतात आणि नवशिके सगळ्यात जास्त अडकतात ते इथेच. उदाहरण घेऊ: इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४, २०१६ चा, १४ कोर, २८ थ्रेड, १२० वॉट. कागदावर सहा कोरच्या रायझनपुढे हा पहिलवान दिसतो. पण याचा सर्वाधिक वेग ३.३ गिगाहर्ट्झ, आणि तेवढ्याच वेगातही जुना कोर कमी काम करतो. एका कोरवर चालणाऱ्या कामात नवा रायझन दुपटीहून पुढे असतो. सगळे कोर जुंपले तरी सहा नवे कोर चौदा जुन्यांच्या तोडीस तोड उतरतात, तेही कमी विजेत.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाने असाच एक जुना, भरपूर थ्रेडचा प्रोसेसर व्हिडिओ एडिटिंगसाठी घेतला. मशीन माझ्याकडे आलं ते ‘काहीतरी बिघाड आहे’ म्हणून. टाइमलाइन पुढे सरकवली की चित्र अडखळायचं. मी टास्क मॅनेजर उघडला. चौकटींची जाळी पडद्यावर आली, त्यातल्या दोन-तीन उंच गेलेल्या, बाकी सगळ्या सपाट. बिघाड कुठेच नव्हता. एडिटिंगला जे लागत होतं ते, म्हणजे वेगवान कोर आणि व्हिडिओ उलगडणारं अंगचं ग्राफिक्स, त्या प्रोसेसरकडे मुळातच नव्हतं. वर्षभर साठवलेले पैसे त्याने त्यात घातले होते. त्याला हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं. ही पायरी इतकी लांबवण्याचं कारण तेच.

तरीही घ्यायचाच असेल तर हे तपासा. वरच्यासारख्या जुन्या झिऑनमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, चित्र दिसायलाही कार्ड लागतं किंवा सर्व्हर बोर्डावरची प्राथमिक सोय वापरावी लागते. या पिढीच्या सॉकेटला चौकोनी आणि अरुंद अशा दोन प्रकारच्या पकडी येतात, कूलर त्याप्रमाणे घ्यावा लागतो. डीडीआर४ ची नोंदणीकृत सर्व्हर रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डाच्या खाचेत व्यवस्थित बसते, पण मशीन चालू होत नाही, त्यामुळे स्वस्त रॅम पाहून ती डेस्कटॉपसाठी उचलू नका. २०१६ चे झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अशा मशीनवर लिनक्स टाकायची मनाची तयारी हवी. प्रोसेसरच्या झाकणावर ‘कॉन्फिडेन्शियल’ अशी अक्षरं असतील तर तो चाचणीसाठीचा नमुना असतो, विक्रीचा माल नव्हे. त्याच्यापासून दूर राहा.

सेकंड हँड एपिकची एक वेगळीच गोम आहे. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये तो एकदा चालवला की सुरक्षेसाठी आतले फ्यूज कायमचे जाळले जातात आणि पुढे तो प्रोसेसर त्याच कंपनीच्या बोर्डावर चालतो. विकणाऱ्याला थेट विचारा: हा कुठल्या सर्व्हरमधून काढलाय, आणि दुसऱ्या बोर्डावर चालवून पाहिलाय का? उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

मग जुना सर्व्हर कोणासाठी चांगला? ज्याला स्वस्तात भरपूर ईसीसी मेमरी आणि भरपूर लेन हव्या आहेत, जो लिनक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन शिकतोय आणि मशीन गरजेपुरतंच चालू ठेवतो, त्याच्यासाठी. तो खुशाल घेऊ दे, त्याला त्यातून खूप शिकायला मिळेल.

पायरी ८: मधल्या वाटा

सहा कोर कमी पडतात पण ९६ ची गरज नाही, अशी माणसं सगळ्यात जास्त. त्यांच्यासाठी पहिली वाट म्हणजे त्याच एएम५ बोर्डावर १६ कोरचा रायझन ९. आज ७६०० घ्या, बोर्ड जरा बरा घ्या, उद्या गरज पडली की फक्त प्रोसेसर बदला. बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अद्ययावत करायला विसरू नका. दुसरी वाट एपिक ४००४, मे २०२४ मध्ये आलेला. नाव सर्व्हरचं, पण बसतो एएम५ सॉकेटमध्ये, १६ कोरपर्यंत. छोट्या ऑफिसच्या ईसीसीवाल्या सर्व्हरला तो छान शोभतो. तिसरी वाट थ्रेडरिपर ७०००, एएमडीचा मोठ्या वर्कस्टेशनसाठीचा प्रोसेसर: २४ ते ६४ कोर, चार मेमरी चॅनल. रेंडरिंगवर पोट असणाऱ्यांनी तिकडे पाहावं.

आणि मोठी खरेदी करण्याआधी एक प्रयोग कराच. क्लाउडवर मोठ्या सर्व्हर प्रोसेसरचं मशीन तासाच्या भाड्याने मिळतं. आपलं खरं काम, खऱ्या फाइल घेऊन तिथे एक दिवस चालवा. आधी ८ कोरवर, मग १६, मग ३२, मग ६४. प्रत्येक वेळी लागलेला वेळ लिहून ठेवा. कोर दुप्पट केल्यावर वेळ निम्म्याच्या जवळ येतोय तोवर पुढे जा. जिथे तो जेमतेम कमी होऊ लागतो तिथे तुमच्या कामाची मर्यादा आली, त्यापुढचे कोर घेऊ नका. आणि काम महिन्यातून दोन-चार दिवसांचंच असेल तर मशीन विकत न घेता भाड्यानेच चालवा.

पायरी ९: मशीन उभं राहिल्यावर

डेस्कटॉप असो की सर्व्हर, पहिल्या रात्री त्यावर काम सुरू करू नका. डेस्कटॉपवर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का पाहा, बहुतेक बोर्डांना तसंच हवं असतं. सर्व्हरवर बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच स्टिक लावा. बायोसमध्ये जाऊन लावलेली सगळी मेमरी मोजली जातेय का आणि कुठल्या वेगाने चालतेय ते पाहा. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्रॅम) चालू करून झोपा. सकाळी पडद्यावर एकही लाल ओळ नको. एक जरी दिसली तरी आधी एकेक स्टिक वेगळी लावून दोषी कोण ते शोधा, आणि ती बदलून घ्यायची मुदत संपण्याआधी परत करा.